वहीतील भिंत आणि घराची जबाबदारी : पश्चिम भारतातील व्यापारी कुटुंबांत घर व धंदा यांच्या आर्थिक विभक्तीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

पुस्तपालनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात व्यवसायाच्या स्वतंत्र अस्तित्वाची संकल्पना प्रारंभीच्या प्रकरणातच येते. मालक वेगळा आणि त्याचा व्यवसाय वेगळा. मालकाने गल्ल्यातून घरासाठी रक्कम काढली तर ती व्यवसायाचा खर्च नसून मालकाची उचल होय, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. विद्यार्थी हे तत्त्व पाठ करतात व त्यानुसार उदाहरणे सोडवितात. तथापि, हे तत्त्व कोणत्या परिस्थितीत रुजले, त्यामुळे कोणाचे रक्षण झाले आणि हिशेबाच्या वहीबाहेर ते कितपत खरे ठरते, हे प्रश्न वाणिज्याच्या अभ्यासक्रमात क्वचितच उपस्थित केले जातात. दुसरीकडे, आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात पेढ्या, हुंड्या, गिरण्या यांची चर्चा होते. पण पेढीमागे उभ्या असलेल्या घराची, म्हणजे त्यातील स्त्रिया, अज्ञान मुले आणि अविभक्त बंधू यांची, धंद्याच्या देण्यांसंदर्भात काय स्थिती होती याकडे तुलनेने कमी लक्ष जाते.

प्रस्तुत निबंधात या दोन अभ्यासक्षेत्रांना जोडण्याचा प्रयत्न केला आहे. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, घर आणि धंदा यांची फारकत दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर होते. पहिली पातळी हिशेबाची, दुसरी देण्याच्या जबाबदारीची. पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांना पहिली फारकत पूर्वीपासून परिचित होती. दुसरी फारकत मात्र प्रामुख्याने एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील कायद्यांनी तुकड्यातुकड्यांनी घडविली आणि लहान व्यावसायिकाच्या बाबतीत ती आजही अपूर्ण आहे. वहीतील भिंत पक्की असली तरी घर सुरक्षित असतेच असे नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

वेबरचे विधान आणि इटलीचा दाखला

या विषयाची सैद्धान्तिक मांडणी प्रथम ठळकपणे केली ती जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी. १८८९ मध्ये त्यांनी मध्ययुगीन व्यापारी भागीदाऱ्यांवर प्रबंध लिहिला. इटलीतील नगरांमध्ये कुटुंबाच्या सामाईक मालमत्तेतून भागीदारीचा स्वतंत्र निधी कसा वेगळा होत गेला, याचा शोध त्यांनी त्यात घेतला होता. पुढे आधुनिक भांडवलशाहीची लक्षणे सांगताना त्यांनी घरापासून व्यवसायाची फारकत आणि तिच्याशी निगडित असलेली तर्कशुद्ध हिशेबपद्धती या दोहोंना विशेष महत्त्व दिले. ही फारकत पाश्चात्त्य जगातच पूर्णत्वास गेली, असे त्यांचे मत होते.

परंतु इटलीतही हे चित्र एकसारखे नव्हते. लुका पाचोली यांच्या १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या गणितविषयक ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन आहे. त्यात व्यापाऱ्याने आरंभी करावयाच्या यादीत मालाबरोबरच घरातील दागिने, कपडे, भांडीकुंडी यांचाही समावेश आहे. त्याच ग्रंथात घरखर्चासाठी खातेवहीत स्वतंत्र खाते ठेवावे, असेही सांगितले आहे. म्हणजे द्विनोंदी पद्धतीच्या या आद्य मुद्रित विवेचनात घर वहीबाहेर नव्हते. ते वहीच्या आत, पण वेगळ्या पानावर होते. हा भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. वेगळे खाते ठेवल्याने घरात किती रक्कम गेली हे कळते. ती रक्कम धनकोच्या हातून सुटत नाही.

पेढीची वही

भारतीय देशी नामेपद्धतीतही नेमके हेच आढळते. लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या, पानाला घड्या घालून पाडलेले सळ, डाव्या बाजूस जमा व उजव्या बाजूस नावे, प्रथम रोजकीर्द आणि तीवरून खतावणी, हा क्रम पेढ्यांच्या व्यवहारात स्थिरावलेला होता. दिवाळीत वहीपूजन करून नव्या वहीचा आरंभ होई. या वहीत गिऱ्हाइकांची, आडत्यांची, हुंडीव्यवहाराची खाती असत, त्याचप्रमाणे मालकाच्या घरासाठी जाणाऱ्या रकमेचेही खाते असे. मुनीम हा पगारी माणूस असल्याने मालकाच्या घरातील लग्नकार्यासाठी निघालेली रक्कमही त्याला कोठे तरी नावे टाकावी लागे. तसे न केल्यास रोजची शिल्लक जुळत नसे. शिल्लक जुळविण्याच्या या दैनंदिन गरजेतूनच घर आणि दुकान यांची हिशेबी फारकत घडत असे.

देशी वहीतील धर्मादाय खाते या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. अनेक बाजारपेठांत व्यापारी विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाकडून धर्मादायाची अल्प रक्कम घेत व ती वेगळ्या खात्यावर जमा करीत. ही रक्कम मालकाची नव्हे, असा समज व्यापारी समाजात रूढ होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात, रूढीनुसार धर्मादायासाठी वेगळी घेतलेली रक्कम ही व्यापाऱ्याची धंद्यातील जमा नव्हे, असा निर्णय दिला आणि या जुन्या समजाला आधुनिक करकायद्यात मान्यता मिळाली. देवाचा पैसा वेगळा ठेवण्याची शिस्त ज्या समाजाने बाळगली, त्याला पैशाची मालकी वेगळी करण्याची कल्पना अपरिचित होती असे म्हणता येणार नाही.

वहीला न्यायालयातही स्थान होते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ अन्वये नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी ग्राह्य पुरावा मानल्या गेल्या. मात्र केवळ त्या नोंदींवरून कोणावर देणे लादता येणार नाही, अशी मर्यादाही त्याच कलमात होती. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे तत्त्व कायम ठेवण्यात आले आहे. वही सांगते ते ऐकले जाईल, पण जबाबदारी कोणाची हे वही एकटी ठरविणार नाही, असा याचा अर्थ. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा भेद फार बोलका आहे.

दोन थैल्यांची मराठी परंपरा : खासगी आणि दौलत

व्यापाराच्या क्षेत्राबाहेरही दोन थैल्यांची कल्पना मराठी मुलखात दृढ होती. आज आपण ‘खासगी’ हा शब्द ‘वैयक्तिक’ या अर्थाने सर्रास वापरतो. मराठा राज्यव्यवहारात मात्र तो हिशेबाचा शब्द होता. सरदाराची दौलत एक आणि त्याच्या घराण्याची खासगी दुसरी. होळकरांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ मध्ये पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली. ती दौलतीपासून वेगळी होती व घराण्यातील स्त्रीकडे राहिली. पुढे अहिल्याबाईंनी देशभरातील मंदिरे, घाट, धर्मशाळा यांवर जो खर्च केला तो या खासगीतून केला, ही गोष्ट सुविदित आहे.

सरदारी आणि दुकानदारी यांची तुलना मर्यादेतच करता येते. परंतु एक साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. लष्करी मोहिमांचा खर्च व त्यासाठी होणारे कर्ज यांपासून घराचा काही भाग अलग ठेवावयाचा, आणि तो अलग ठेवताना स्त्रीच्या नावे ठेवावयाचा, ही योजना येथे दिसते. धोका पत्करणाऱ्या उद्योगापासून घराला वाचविण्याचा मार्ग स्त्रीच्या धनातून जातो, हे सूत्र पुढे व्यापारी कुटुंबांच्या इतिहासातही आढळते.

स्मृतिग्रंथांतील ऋण आणि व्यापाराचा धोका

देण्याच्या जबाबदारीकडे वळल्यास चित्र निराळे होते. महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रमाण मानला गेलेला मिताक्षरा हा ग्रंथ विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळात याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिला. त्यानुसार मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क प्राप्त होतो. या हक्काची दुसरी बाजू म्हणजे पित्याचे ऋण फेडण्याचे पुत्राचे धार्मिक कर्तव्य. मद्य, द्यूत इत्यादी कारणांनी झालेले ऋण मात्र पुत्रावर येत नाही, असे अपवाद स्मृतींनी सांगितले आहेत.

या अपवादांत गौतमधर्मसूत्राचे वचन लक्षणीय आहे. जामिनकी, द्यूत, मद्य, दंड यांच्याबरोबर तेथे व्यापारातील ऋणही पुत्रावर येत नाही असे म्हटले आहे. व्यापारातील धोका हा तो पत्करणाऱ्यापुरता असावा, हा विचार इतक्या प्राचीन काळी मांडला गेला होता, ही बाब वेबरच्या विधानाच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. परंतु हा विचार व्यवहारात टिकला नाही. ब्रिटिश काळातील न्यायालयांनी अनैतिक कारणांसाठी झालेल्या ऋणापुरताच अपवाद मानला; सचोटीने केलेल्या व्यापारात आलेले कर्ज पुत्रावर बंधनकारक ठरले. व्यापारी जगाची पत टिकविण्यासाठी हे सोयीचे होते. पेढीला कर्ज देणारा सावकार केवळ दुकानातील मालाकडे पाहून कर्ज देत नसे. वाडा, शेती, दागिने आणि उद्या कर्ते होणारे मुलगे या सर्वांकडे पाहून तो व्याजाचा दर ठरवीत असे. घर आणि धंदा एक असणे हीच पेढीची पत होती.

न्यायालये आणि अज्ञान सहदायाद

या एकतेची झळ सर्वांत अधिक पोहोचे ती ज्यांनी संमती दिलेली नाही अशांना. १८५६ च्या हनुमानप्रसाद पांडे खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, अज्ञानाच्या मालमत्तेवर व्यवस्थापकाने काढलेले कर्ज कुटुंबाच्या गरजेसाठी अथवा मालमत्तेच्या हितासाठी असेल तरच बंधनकारक होईल, असे तत्त्व घालून दिले. धंद्याची गरज ही कुटुंबाची गरज मानावी काय, हा पुढचा प्रश्न होता. १८६१ च्या मुंबईतील रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध लखमीचंद मुनीराम या खटल्यात त्याचे होकारार्थी उत्तर मिळाले. वडिलोपार्जित धंदा चालविण्याच्या अधिकारातच त्या धंद्यासाठी कुटुंबाची मालमत्ता व पत गहाण टाकण्याचा अधिकार अंतर्भूत आहे, आणि अज्ञान सदस्यही त्यास बांधील आहेत, असे त्यात ठरले. याचे कारणही व्यावहारिक होते. प्रत्येक व्यवहारात धनकोने घरातील अज्ञानांच्या हिताची चौकशी करावी असे म्हटले, तर अशा पेढीशी कोणी व्यवहारच करणार नाही.

सुमारे साठ वर्षांनी, १९२२ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलने संन्यासीचरण मंडल खटल्यात या तत्त्वाला एक सीमा घातली. वडिलोपार्जित धंदा आणि कर्त्याने नव्याने सुरू केलेला धंदा यांत भेद करून, नव्या धंद्याची जोखीम अज्ञान सदस्यांवर लादता येणार नाही, असा निर्णय देण्यात आला. जुना धंदा हा घराचाच भाग, नवा धंदा हे मात्र कर्त्याचे साहस, अशी ही विभागणी होती. कायद्याने घर आणि धंदा यांच्यात ओढलेली ही एक महत्त्वाची रेषा म्हणावी लागेल.

१८६५ ची मुंबई आणि १८६६ चा कायदा

या कायदेशीर इतिहासाच्या मध्यभागी मुंबईतील एक मोठे आर्थिक संकट उभे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला व मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. या पैशातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन मिळविणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या भागांवरील सट्टा विशेष गाजला. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या फेडीच्या दिवशी शहरातील अनेक नामांकित पेढ्या देणे भागवू शकल्या नाहीत. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या कालखंडाचा सविस्तर वृत्तान्त दिला आहे.

या संकटाचे विवेचन सामान्यतः सट्टेबाजीच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे दुसरे अंग महत्त्वाचे आहे. बँक ऑफ बॉम्बेच्या नाशाची चौकशी करण्यासाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगापुढे जे प्रश्न आले, त्यांत वैयक्तिक पतीवर आणि कंपन्यांच्या भागांच्या तारणावर दिलेल्या कर्जांचा प्रश्न प्रमुख होता. कंपनीचा कायदा आलेला होता; १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारी मान्य केली होती आणि १८६० मध्ये ती बँकांनाही उपलब्ध झाली होती. परंतु कंपन्या चालविणारी माणसे, त्यांच्या पेढ्या आणि बँकेचे कर्जदार हे बहुतांशी एकाच वर्तुळातील होते. कागदावर वेगळ्या असलेल्या थैल्यांतून पैसा मोकळेपणाने फिरत होता.

प्रेमचंद रायचंद हे या काळातील सर्वांत प्रसिद्ध नाव. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढे त्यांची पेढी कोसळली. तरीही १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला व त्यांच्या मातोश्रींच्या नावाने तो राजाबाई टॉवर म्हणून उभा आहे. संकटापूर्वी हातावेगळे केलेले दान टिकले. घर आणि पेढी मात्र एकत्र बुडाली. देशी वहीतील धर्मादाय खात्याचा अर्थ या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होतो.

यानंतर वर्षभरातच, १८६६ मध्ये, मुंबई विधिमंडळाने हिंदू वारसांना दिलासा देणारा कायदा संमत केला. तोपर्यंत मुंबई इलाख्यात पित्याची कोणतीही मालमत्ता हाती आलेली नसली तरी मुलगा त्याच्या ऋणाला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरला जाई. या कायद्याने वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. विधवेशी विवाह करणाऱ्या पुरुषावर तिच्या पूर्वपतीचे ऋण येण्याचा जुना नियमही याच कायद्याने दूर केला. हा कायदा त्या संकटामुळेच झाला असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु मर्यादित जबाबदारीचा लाभ भागधारकाला १८५७ मध्ये मिळाला आणि दिवंगत ऋणकोच्या मुलाला त्यासाठी १८६६ पर्यंत थांबावे लागले, हा कालक्रम विचार करण्यासारखा आहे. भांडवल गुंतविणाऱ्याचे रक्षण आधी झाले. ज्याने काहीच गुंतविले नव्हते त्याचे नंतर.

कंपनी, भागीदारी आणि विभक्त व्यक्तिमत्त्व

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा निर्णायक खटला एका लहान व्यावसायिकाचाच होता. आरन सॉलोमन हे लंडनचे बूट बनविणारे व्यापारी. त्यांनी आपला धंदा कंपनीत रूपांतरित केला. पत्नी व पाच मुले यांना प्रत्येकी एक भाग दिला व उरलेले जवळजवळ सर्व भाग स्वतःकडे ठेवले. कंपनी बुडाल्यावर कंपनी म्हणजेच सॉलोमन असा युक्तिवाद झाला. परंतु १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती असल्याचे ठरविले. या फारकतीची किंमतही मालकालाच मोजावी लागते, हे १९२५ च्या मॅकॉरा खटल्यात दिसून आले. त्यात मालकाने आपले लाकूड कंपनीला विकल्यानंतरही विमा स्वतःच्या नावे ठेवला होता. आगीत लाकूड जळाले तेव्हा, ते त्याचे नव्हतेच, म्हणून भरपाई नाकारण्यात आली. भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच असते.

भारतात कंपनी आली तरी घराची पकड व्यवस्थापकीय अभिकर्ता पद्धतीतून टिकून राहिली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कापड गिरणीपासून मुंबईत गिरण्या वाढल्या; त्यांचा कारभार बहुधा प्रवर्तकाच्या कौटुंबिक पेढीकडे असे. अनेक गिरण्यांत या पेढीचे कमिशन नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर, पौंडामागे पाव आणा या दराने आकारले जाई. परिणामी गिरणी तोट्यात असली तरी पेढीला प्राप्ती होत राही. म्हणजे येथे फारकतीचा उपयोग घराचा पैसा वाचविण्यासाठीच नव्हे, तर भागधारकांचा पैसा घराकडे वळविण्यासाठीही झाला. १९३६ च्या दुरुस्तीने अभिकर्त्यांची मुदत व मोबदला यांवर मर्यादा आणली आणि १९७० मध्ये ही पद्धतीच रद्द झाली.

लहान व्यावसायिकांच्या दृष्टीने १९३२ चा भागीदारी कायदा अधिक महत्त्वाचा ठरला. भागीदारी ही करारातून निर्माण होते, जन्मसिद्ध दर्जातून नव्हे. म्हणून एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य केवळ कौटुंबिक धंदा करतात एवढ्याने भागीदार ठरत नाहीत, असे कलम ५ सांगते. कलम १५ अन्वये पेढीची मालमत्ता केवळ धंद्यासाठीच वापरावयाची असते. कलम ४९ नुसार पेढीच्या मालमत्तेतून प्रथम पेढीची देणी आणि भागीदाराच्या खासगी मालमत्तेतून प्रथम त्याची खासगी देणी भागवावयाची असतात. येथे भिंत आहे, पण तिला दरवाजा आहे. खासगी देणी भागवून जे उरेल त्यावर पेढीच्या धनकोचा हात पोहोचतोच.

स्त्रीधन : घराची शेवटची ठेव

धंदा संकटात आला की सर्वप्रथम घरातील सोने बाहेर पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यामागे शास्त्राचाही आधार होता. स्त्रीधनावर स्त्रीचा हक्क मान्य करतानाच याज्ञवल्क्याने दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि धनकोकडून होणारा अवरोध या प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही असे सांगितले आहे. अन्य वेळी मात्र पतीला त्यावर अधिकार नाही. अपवाद म्हणून दिलेली ही मुभा व्यापारी घरांत किती सहज नित्याची होऊ शकते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पत्नीच्या नावाचे दागिने हे दुकानाच्या वहीत कोठेही भांडवल म्हणून नोंदलेले नसतात. पण दुकानाची खरी राखीव गंगाजळी तीच असते.

आधुनिक कायद्याने या ठिकाणी काही आडोसे उभे केले. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातील कलम ६ नुसार पतीने पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेतलेली आयुर्विम्याची पॉलिसी हा न्यास मानला जातो आणि पतीच्या धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. आरंभी हिंदूंना हा लाभ निःसंदिग्धपणे उपलब्ध नव्हता. १९२३ च्या दुरुस्तीने तो मिळाला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्तीतून वगळले. कारागिराची हत्यारे व हिशेबाच्या वह्याही याच कलमात वगळलेल्या आहेत. मंगळसूत्र, ताट-वाटी, हातोडा आणि खातेवही यांना एकाच कलमात मिळालेले हे संरक्षण म्हणजे, सर्व गेले तरी घर आणि धंदा पुन्हा उभे करण्यास किमान काय लागते, याची कायद्याने केलेली यादीच होय.

याच प्रवाहात विद्येच्या प्राप्तीचाही उल्लेख करावयास हवा. कुटुंबाच्या पैशातून शिकलेल्या माणसाचा पगार हा कुटुंबाचाच, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२१ मध्ये गोकुळचंद खटल्यात दिला होता. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने १९३० मध्ये झालेल्या कायद्याने अशी कमाई कमावणाऱ्याची स्वतंत्र मालमत्ता ठरली. दुकानदाराच्या शिकलेल्या मुलाचा पगार दुकानाच्या देण्यातून अशा प्रकारे मोकळा झाला.

प्राप्तिकराची शिस्त

हिशेबी फारकत सर्वसामान्य दुकानदारावर बंधनकारक केली ती मात्र करव्यवस्थेने. १९२२ च्या कायद्याने व्यक्ती, एकत्र हिंदू कुटुंब, कंपनी, पेढी यांना करदाते म्हणून वेगवेगळे ओळखले. १९६१ च्या कायद्यातील कलम ३७ ने करदात्याचा वैयक्तिक खर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली होती. २०२५ च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. जुन्या वहीत घरखर्चाचे खाते शिल्लक जुळविण्यासाठी होते. आता ते कर निश्चित करण्यासाठी आले. कर्त्याने आपल्याच कुटुंबाच्या धंद्यातून पगार घ्यावा काय, हा प्रश्नही न्यायालयात गेला आणि योग्य करार असल्यास असा पगार हा धंद्याचा खर्च मानता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुगलकिशोर बलदेव सहाय खटल्यात मान्य केले. एकट्या मालकाला मात्र स्वतःला पगार दिल्याचे दाखवून करसवलत मिळत नाही. त्याची ती केवळ उचलच राहते. कारण कायद्याच्या दृष्टीने देणारा आणि घेणारा एकच असतो.

आजचा लघुव्यावसायिक

स्वातंत्र्योत्तर काळात फारकतीची साधने वाढली. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने त्यानंतरच्या ऋणांपुरते पुत्राचे धार्मिक कर्तव्य हे वसुलीचे कारण म्हणून संपुष्टात आणले. २००८ मध्ये मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा कायदा झाला आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने एका व्यक्तीची कंपनी शक्य केली. गौतमाने सांगितलेला अपवाद जणू दीर्घ वळसा घेऊन परत आला.

परंतु या साधनांचा उपयोग किती जण करतात? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या ७३ व्या फेरीनुसार देशात सुमारे ६३४ लाख असंघटित सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते. त्यांपैकी सुमारे ६०८ लाख, म्हणजे जवळजवळ ९६ टक्के, एकमालकी होते. एकमालकीत कायदा मालक व धंदा यांत भेद करीत नाही. दुकानाच्या नावाने चालू खाते उघडले, घरखर्च वेगळा ठेवला, हिशेब तपासून घेतले, तरी दुकानाच्या धनकोला राहत्या घरावर दावा सांगता येतो.

जे कंपनी स्थापन करतात त्यांनाही बँक कर्ज देताना संचालकाची आणि पुष्कळदा पत्नीची वा भावाची वैयक्तिक हमी घेते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील तरतुदी अशा हमीदारांना १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या व सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ललितकुमार जैन खटल्यात ती अधिसूचना वैध ठरविली. कंपनीची योजना मंजूर झाली तरी हमीदार आपोआप सुटत नाही, असेही त्यात स्पष्ट झाले. १८६१ च्या खटल्यात अज्ञान सहदायादाला बांधणारे जे तत्त्व होते, तेच आज हमीपत्राच्या रूपाने परत आले आहे. फरक एवढाच की, पूर्वी जन्माने बांधले जाई, आता स्वाक्षरीने.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, घर व धंदा यांची हिशेबी फारकत ही पाश्चात्त्य देणगी होती हे मत स्वीकारार्ह नाही. देशी वहीत घरखर्च, धर्मादाय व धंदा यांची खाती वेगळी ठेवण्याची रीत प्रस्थापित होती. वेबर यांनी हिशेबाची आणि जबाबदारीची फारकत परस्परांशी जोडून पाहिली. पश्चिम भारतात मात्र पहिली असूनही दुसरी नव्हती, आणि तरीही व्यापार मोठ्या प्रमाणावर चालला. किंबहुना दुसरी नसणे हाच येथील पतीचा पाया होता.

दुसरा, जबाबदारीची फारकत क्रमाने आली व तो क्रम सामर्थ्याचा होता. भागधारकाला ती १८५७ मध्ये, वारसाला १८६६ मध्ये, अज्ञान सहदायादाला अंशतः १९२२ मध्ये आणि हिंदू पत्नीला विम्यापुरती १९२३ मध्ये मिळाली. घराचा जो घटक धंद्याच्या निर्णयापासून सर्वांत दूर होता, त्याला हे संरक्षण उशिरा मिळाले.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी संबंधित आहे. स्वतंत्र अस्तित्वाची संकल्पना शिकविताना ती हिशेबाची संकल्पना आहे, कायद्याची नव्हे, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी लहान दुकानदार, कारागीर, आडते यांच्या घरांतून येतात. उचल खात्याचे उदाहरण अचूक सोडविणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या वडिलांच्या दुकानाचे कर्ज कोणावर आहे, आईने कोणत्या हमीपत्रावर स्वाक्षरी केली आहे आणि घराचा कोणता भाग खरोखर सुरक्षित आहे, हे तपासता आले तरच त्या संकल्पनेचे शिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येईल. वही नीट ठेवल्याने भिंत कोठे असावी हे कळते. ती प्रत्यक्षात उभी आहे की नाही, याचे उत्तर मात्र कर्जाच्या कागदात शोधावे लागते.